रिकाम्या गाडीचं वजन

एप्रिलचा दुसरा रविवार. सेलूच्या जिनिंगवर
दोन गाड्या उभ्या, तिसरी पाथरीहून निघाली म्हणे.
हंगाम उतरणीला लागलाय. काट्याच्या खोलीत
कूलरचा वाळा जुन्या गवतासारखा वास मारतो,
आणि भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करता करता
मी मोबाइलवर बघतो
उत्तर फ्रान्समध्ये पाऊस पडतोय का.

पडला तर माझा कॅप्टन बुडाला.

पंधरा स्वार, शंभर कोटी.
खोटे कोटी; खरे मला महिन्याला बारा हजार.
फेब्रुवारीत तीन रात्री जागून संघ भरला:
चढाचे दोघं, शेवटच्या दोनशे मीटरचे तिघं,
दगडांवर हाडं मोडून घ्यायला तयार असे काही,
एक म्हातारा, निव्वळ त्याच्या जुन्या नावाच्या लोभानं.
खाली सव्वा कोटी उरले. त्यात योस्ट आला.
मुस्तकीम त्याला जोशी म्हणतो.

मुस्तकीमचं जिंतूर नाक्यावर सायकलचं दुकान.
स्पोकला बोट लावून तो चाकाचा ताप सांगतो.
मानवतच्या लॅबमधली निशिगंधा टाकळकर
तिसऱ्या वर्षीही पहिलीच;
कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाच्या घरी बाळ झालंय,
सगळे रिपोर्ट तिच्याकडे आधी.
मी पाचवा. सहावा माझा मेव्हणा,
तो संघ भरायलाच विसरलाय.

जोशी मिलानहून निघाला: शून्य.
फ्लँडर्सच्या टेकड्या: शून्य.
एकदाच दिसला, गाडीच्या खिडकीशी हात लांबवून
जर्सीत बाटल्या कोंबताना, पाठीला उंटाचं कुबड.
मुस्तकीम हसला, "देखो तुमारा जोशी.
पानीच ढोताय उनो."

मी काही बोललो नाही.
आठवीत असताना कॅरिअरच्या दोन्ही अंगांना
तेलाचे डबे अडकवून दुधनेकडच्या बोअरवरून
मी रोज चार खेपा करायचो.
वळणावर आधी पाणी वळतं, मग चाक,
मग आपण.
घरी पोचलो की आई डब्यात बघायची,
किती हिंदकळलं ते.

आज पाऊस नाही. धूळ.
दगडांचे पट्टे उलटे मोजत येतात, तीसपासून एकापर्यंत,
आणि पडदा असा थरथरतो की वाटतं
माझाच हात हलतोय.
सव्वासातला लाइट गेली. इन्व्हर्टर कण्हला.
परत चित्र आलं तेव्हा कॅप्टनचं मागचं चाक बसलेलं,
आणि जोशी, कुणी न सांगता,
आपलं चाक काढून देत होता.
ढकललं त्यानं कॅप्टनला, कमरेला हात लावून, पंधरा-वीस पावलं.
मग रस्त्याच्या कडेला उभा राहिला
मेलेलं चाक हातात धरून,
गाडीची वाट बघत.
कॅमेरा पुढे गेला.

कॅप्टन चौथा आला. भरघोस गुण.
पण कॅप्टन आमच्या पाचही जणांकडे होता,
म्हणून सगळे सारखेच वर सरकले
आणि मी पाचवाच.
निशिगंधाचा मेसेज: 'काढ बाबा त्या जोशीला.
बुधवारपर्यंत मुदत आहे.'

बाहेर पाथरीची गाडी हॉर्न मारतेय.
पावतीवर रिकाम्या गाडीचं वजनही लिहावं लागतं;
त्याचे पैसे कुणी देत नाही,
पण ते चुकलं तर सगळा हिशोब चुकतो.
हे मी निशिगंधाला लिहिलं नाही.
लिहिलं, 'बघतो.'

निकालाचं पान परत परत ओढतोय खाली.
ऐंशी जण आले. शंभर.
ड्रायव्हर खिडकीत तोंड घालून म्हणतो,
"ओ काटेवाले, कामून बसलाव?"
थांब म्हणतो मी, एक जण यायचा राहिलाय.

एकशे एकतिसावा.
आला.

घे, आण गाडी पुढं. जरा डावीकडून.